ओलं फडकं, दहा मिनिटं

ऑगस्टमधल्या त्या रविवारी पावसानं उघडीप दिली होती आणि पंतनगरच्या एकूण एक गॅलरीतून चादरी लोंबत होत्या. चेतना दोन कप चहा घेऊन खाली आली तेव्हा बाबा गाडीच्या बॉनेटवर वाकून उभे होते. चष्मा कपाळावर, हात पाठीमागे. डाग मोजताना ते हात नेहमी पाठीमागे बांधायचे. हात मोकळे असले की माणूस आधी पुसतो आणि मग बघतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

“किती आज?” तिनं विचारलं.

“सहा. आणि आरशावर एक. आरशावरचा कावळ्याचा आहे. बाकीचे आपल्या वरच्या मंडळींचे.”

वरची मंडळी म्हणजे रातबगळे. कुंपणालगत एक जुनं, छत्रीसारखं पसरलेलं झाड होतं आणि दर पावसाळ्यात त्यावर रातबगळ्यांची पंचवीस-तीस घरटी व्हायची. दिवसभर ते मान खांद्यात घालून बसायचे, पेन्शनर कट्ट्यावर बसतात तसे, आणि संध्याकाळ झाली की खाडीकडे मासे पकडायला जायचे. त्या माशांचं पुढे जे व्हायचं ते खालच्या गाडीवर व्हायचं. सोसायटीनं पार्किंगच्या चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा ही जागा कुणालाच नको होती. अंबादास हिवराळे यांनी ती मागून घेतली. सेक्रेटरीनं दोनदा विचारून खात्री करून घेतली.

“डाग काढता येतो, साहेब,” बाबा म्हणाले होते. “ऊन काढता येत नाही. उन्हानं रंग मेला की मेला.”

त्यांना ते कळत होतं. घाटकोपर पश्चिमेच्या एका गॅरेजात त्यांनी अडतीस वर्षं गाड्या रंगवल्या होत्या. निवृत्त झाल्यावर एक जुनी सँट्रो घेतली, पार पत्र्यापर्यंत खरवडून काढली आणि स्वतः मिसळलेला निळा रंग तिला दिला. तो निळा कुठल्याही कंपनीच्या कार्डात नव्हता. चेतना कॉलेजात इतिहास शिकवायची, घरात तिच्या पुस्तकांची तीन कपाटं होती, पण त्या निळ्याला म्हणायचं काय हे तिलाही सुचलं नव्हतं. बाबा नुसतं ‘आपला निळा’ म्हणायचे. गाडी मात्र फारशी बाहेर निघायची नाही. कधी मानखुर्दला मीराआत्याकडे, नाताळात मरोळला लॉरेन्सकाकांकडे. बाकी वर्षभर ती झाडाखाली उभी, आणि बाबा तिच्या दिमतीला.

“आज तू कर,” बाबा म्हणाले. “मला वाकलं की ढास लागते.”

बादलीत कोमट पाणी होतं, त्यात शॅम्पूचे दोन थेंब. शेजारी त्यांच्या जुन्या बनियनचे चौकोनी तुकडे रचून ठेवलेले. चेतनानं एक तुकडा भिजवला, अर्धवट पिळला आणि बॉनेटवरच्या सगळ्यात मोठ्या डागावर ठेवून तळहातानं दाबला.

“दाबू नको गं. नुसतं ठेव. तापलेल्या पोराच्या कपाळावर पट्टी ठेवतात तसं.”

“ठेवलं.”

“आता दहा मिनिटं हात लावायचा नाही.”

“बाबा, मला माहीत आहे.”

“माहीत असतं सगळ्यांना. धीर नसतो.”

तिनं बाकीच्या डागांवर फडकी ठेवली आणि दोघं जिन्याच्या पायरीवर चहा घेत बसली. गाडी एखाद्या तापाच्या रोग्यासारखी अंगभर पट्ट्या घेऊन पडली होती. त्या दहा मिनिटांत बाबा काही ना काही शिकवायचेच. कावळ्याच्या घाणीत बिया असतात, वाळूचे कण असतात. कोरडं पुसलं म्हणजे पॉलिश पेपर फिरवल्यासारखंच. बगळ्याची घाण चुन्यासारखी पांढरी, पण जास्त जहाल. रंग उन्हात फुगतो आणि गार पडताना आवळतो, आणि आवळताना जे अंगावर असेल त्याचा साचा घेतो. म्हणून डाग त्याच दिवशी भिजवायचा. हे सगळं चेतनानं इतक्यांदा ऐकलं होतं की वर्गात मुलांपुढे म्हणून दाखवलं असतं. तरी ती ऐकायची. बाबा एरवी फार बोलत नसत.

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या मृणालिनीकाकू दुधाची पिशवी घेऊन आल्या आणि गाडीकडे बघून थांबल्या.

“भाऊ, एवढे लाड तर मी नातवाचेसुद्धा करत नाही. एक फटका मारायचा फडक्याचा, मोकळं व्हायचं.”

“असाच एक फटका मारला होता एकदा,” बाबा म्हणाले.

“ती कॉन्टेसा ना? ऐकलीय मी.”

“परत ऐका. दूध काय नासत नाही.”

आणि त्यांनी परत सांगितली. चौऱ्याण्णव साल, दसऱ्याचा आदला दिवस. गॅरेजात गाड्यांची ही रांग, प्रत्येकाला दसऱ्याला पूजेसाठी गाडी चकाचक हवी. एका बड्या गिऱ्हाइकाची मरून रंगाची कॉन्टेसा, आदल्याच दिवशी रंगवलेली. तेव्हा रंग भाजायची भट्टी नव्हती, उन्हावर वाळवायचे. वरून वाळल्यासारखा दिसायचा, आतून लोणी. दुपारी बाबा आणि त्यांचा जोडीदार लॉरेन्स थिनर आणायला गेले. परत येऊन बघतात तर बॉनेटच्या मधोमध एक हातभर जागा सुरकुतलेली, पार सायीसारखी.

“शेठ आला. आमचा मालक, विद्याधर शेठ, तापट माणूस. म्हणाला, अंबादास, हे काय? म्हटलं, कावळा शिटला. तो म्हणाला, बरं, शिटला. मग पुसलं कुणी? म्हटलं, त्यानंच पुसलं असेल. मुंबईचा कावळा आहे, शेठ, त्याला लाज वाटली असेल.”

मृणालिनीकाकू पाचव्यांदा हसल्या आणि जिना चढून गेल्या. चेतनाही हसली. ही गोष्ट सुरू झाली की कुठे हसायचं हे तिला बारा वर्षांची असल्यापासून पाठ होतं.

पुसलं होतं तिनं.

त्या दिवशी शाळा लवकर सुटली होती आणि ती बाबांचा डबा घेऊन गॅरेजात गेली होती. तिथं कुणी नव्हतं. मरून गाडी आरशासारखी चमकत होती, आणि तिच्या डोळ्यांदेखत वरच्या तारेवरच्या कावळ्यानं बॉनेटवर घाण केली. एवढीशी, रुपयाच्या नाण्याएवढी. तिला वाटलं, बाबा यायच्या आत पुसून टाकू. घरी तांब्या-पितळेची भांडी घासायचं काम तिचं होतं आणि जोर लावल्याशिवाय काही निघत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं रुमालाला थुंकी लावली आणि जोर लावला. जितका डाग पसरला तितका जास्त जोर लावला. मग हाताखाली रंग सरकला. डबा बाकावर ठेवून ती जी पळाली ती थेट घरी.

तेवढ्यावर भागलं असतं तर तीही कधीतरी हसत हसत बोलून गेली असती. पण शेठ त्याच महिन्यात मुलुंडला दुसरं गॅरेज काढत होता आणि ते अंबादासच्या हाताखाली द्यायचं म्हणून सगळीकडे सांगत होता. तिथं रंगाची गन हातात धरायची नव्हती, नुसती देखरेख. काचेची केबिन, टेबल, फोन. कॉन्टेसानंतर ते दुसऱ्याला मिळालं. “बरं झालं,” बाबा तेव्हा घरी म्हणाले होते, “मुलुंड लांब पडलं असतं.” आणि पुढची वीस वर्षं तोंडाला रुमाल बांधून त्यांनी रंगाचा धूर छातीत घेतला. ती ढास तिथलीच.

गॅरेजात बाकावर डबा तसाच राहिला होता. म्हणजे ती येऊन गेली हे त्यांना कळलंच असणार. मग विचारलं का नाही? की डबा आधीच आला होता असं वाटलं? की खरंच कावळ्यावर विश्वास बसला? एकतीस वर्षं चेतना हा प्रश्न उलटसुलट करत होती. दर वेळी गोष्ट संपली की वाटायचं, आता बोलावं. दर वेळी कुणीतरी हसत असायचं.

आज पायरीवर दोघंच होती.

“पक्ष्याचं काय,” बाबा गाडीकडे बघत म्हणाले, “तो घाण करतो नि उडून जातो. चरा पाडतं ते माणूस. तेही कसलं, चांगलं करायला गेलेलं.”

तिनं त्यांच्याकडे बघितलं. ते कपातला तळाचा चहा गोल फिरवत होते.

“बाबा, ती कॉन्टेसा...”

“झाली दहा मिनिटं,” ते उठत म्हणाले. “चल. उचल फडकं. वर उचलायचं, ओढायचं नाही. हां, अस्सं. बघ, सगळं घेऊन आलं की नाही? आता दुसरी बाजू.”

डाग निघाला होता. खालून आपला निळा स्वच्छ, ओला. बाबांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि मान डोलावली. मग दोघांनी मिळून उरलेले पाच काढले, आणि आरशावरचा कावळ्याचा.

सोमवारी दुपारी चेतना तिसरं लेक्चर घेत असताना मृणालिनीकाकूंचा फोन आला. बाबा जेवले होते, ताट घासून ठेवलं होतं, आणि खुर्चीत बसल्या बसल्या गेले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्रास झाला नसणार. लोक हे सांगतात आणि सांगितल्याबद्दल त्यांचे आभारच मानायचे असतात. चेतनानं मानले.

मीराआत्या मानखुर्दहून आली ती पिशवी घेऊन राहायलाच. ती बाबांहून चार वर्षांनी लहान, पण घरात शिरली की सगळ्यांची मोठी बहीण. तिनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं, फोन ताब्यात घेतला, चेतनाला वेळेवर जेवायला बसवलं. छापायच्या कार्डाचा मजकूर तिनंच सांगितला. कालकथित अंबादास हिवराळे, पुण्यानुमोदन रविवारी सकाळी अकरा वाजता, सोसायटीच्या हॉलमध्ये.

बुधवारी मृणालिनीकाकू पिठलं-भाकरी घेऊन आल्या. बसल्या, डोळे पुसले, आणि जरा वेळानं म्हणाल्या, “दहाव्याला कुठे जाणार? कावळा शिवायला हवा ना. काही मनात राहिलं असेल तर...”

“आमच्यात कावळ्याला विचारत नाहीत,” आत्या म्हणाली. “आणि माझ्या भावाला तर विचारायचंच नाही कावळ्याचं. त्याचं वाटोळं एका कावळ्यानंच केलं. मुलुंडचं गॅरेज गेलं ते गेलं. नाहीतर आज छाती धड असती त्याची.”

“आत्या,” चेतना म्हणाली.

“काय आत्या? खोटं आहे का? तो हसायचा, त्याला सगळ्याचं हसू यायचं. मला नाही यायचं. तो मेला कावळा आणि तो शेठ, दोघांनाही मी अजून शिव्या देते.”

मृणालिनीकाकूंनी घाईघाईनं पिठल्यात तिखट जास्त झालंय का ते विचारलं. चेतना भाकरीचा तुकडा हातात घेऊन बसून राहिली. आत्याच्या शिव्या तिनं लहानपणापासून ऐकल्या होत्या. प्रत्येक शिवी बरोबर पत्त्यावर पोचत होती, हे आत्याला तेवढं माहीत नव्हतं.

गुरुवारी सकाळी ती गॅलरीत चादर वाळत घालायला गेली आणि खाली नजर गेली. पाऊस अजून आला नव्हता. चार दिवस कडक ऊन पडलं होतं. निळ्या टपावर, बॉनेटवर, मागच्या काचेवर पांढरे ठिपके, कडेला वाळून तडकलेले. तिनं वरूनच मोजले, पंधरापर्यंत आली आणि थांबली.

“आत्या, मी खाली जाऊन येते.”

“कशाला?”

“गाडी.”

“राहू दे गं. आता कोण बघतंय?”

चेतनानं पाणी कोमट केलं, शॅम्पूचे दोन थेंब टाकले. बनियनचे तुकडे बाबांनी धुऊन, घडी करून ठेवले होते. ती खाली आली, गाडीभोवती फिरली आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण हात पाठीमागे बांधलेत. एकोणीस डाग. फडकी अकरा. म्हणजे दोन खेपा.

तिनं पहिली अकरा ठेवली. दाबली नाहीत. पायरीवर बसली. वर एक रातबगळा फांदीवरून दुसऱ्या फांदीवर सरकला आणि परत मान खांद्यात घालून बसला. दहा मिनिटं एवढी मोठी असतात हे तिला माहीत नव्हतं. बाबा असताना ती नेहमी आधीच संपायची.

आत्ता बोलावं, तिला वाटलं. आजूबाजूला कुणी नाही. तिनं तोंड उघडून बघितलं. पण गाडीशी बोलणं तिला जमेना. तिनं जन्मभर वाचलं होतं, माणसं मेलेल्यांशी कशी बोलतात ते तिला पुस्तकांतून ठाऊक होतं, आणि त्यातलं एकही वाक्य इथं चालण्यासारखं नव्हतं. बाबा एवढ्या नाटकी वाक्याला हसले असते. शिवाय गाडी म्हणजे बाबा नव्हेत. बाबांना सांगायचं होतं ते त्यांच्यासमोर सांगायचं राहिलं होतं, आणि आता ज्यांच्यासमोर सांगायचं ती माणसं वर घरात बसली होती. आत्यासमोर सांगायचं म्हणजे तीस वर्षांच्या शिव्यांना तोंड दाखवायचं.

फडकी तिनं उचलली, ओढली नाहीत. परत भिजवली, परत ठेवली. उन्हात वाळलेले डाग दुसऱ्यांदा सुटले, काही तिसऱ्यांदा. दोन तासांनी गाडी स्वच्छ झाली. फक्त बॉनेटवर, मधोमध, एक जागा राहिली. घाण निघाली होती, पण खाली एक फिकट कडं उमटलं होतं, ओल्या पेल्याचं टेबलावर उमटतं तसं. ती एका बाजूनं वाकली की दिसायचं, दुसऱ्या बाजूनं नाही. रंगानं साचा घेतला होता.

कपाटात रंग घासून चमकवायच्या कंपाऊंडचा डबा होता. ती तो घेऊन आली, झाकण उघडलं, बोटावर थोडं घेतलं. मग बोट पुसलं आणि झाकण लावलं.

रविवारी लॉरेन्सकाका नऊ वाजताच आले. मरोळच्या गावठाणातलं त्यांचं घर, दारात सकाळपासून माणसांचा राबता, पण ते एकटेच रिक्षा करून आले होते. काळी पँट, पांढरा शर्ट, हातात मोठी पिशवी. पिशवीत फुलं असतील असं चेतनाला वाटलं. केळी निघाली.

“येणाऱ्या लोकांना द्यायला,” काका म्हणाले. “अंबादासला फुलं आवडायची नाय. म्हणायचा, गाडीवर पाकळ्या चिकटतात.” मग ते गाडीकडे गेले. बॉनेटपाशी थांबले, गुडघ्यावर हात ठेवून डोळा पत्र्याच्या पातळीला आणला. “हे कधीचं?”

“सोमवार ते गुरुवारमधलं. मी उशिरा काढलं.”

“घासलं नाय ना?”

“नाही.”

“शहाणी.” त्यांनी अंगठा फिरवला. बाबांसारखाच. दोघांनी पंचवीस वर्षं एका शेडमध्ये काढली होती. काका डेंटर, पत्र्याचे पोचे काढणारे. गिऱ्हाइकांना ते सांगायचे, मी ठोकतो नि हा झाकतो, पाप आमच्या दोघांचं सारखंच. “कंपाऊंडनं जाईल. पण आज नको. डोक्यात दुसरं असताना हात मारला की वाट लागते. पुढच्या आठवड्यात येतो, निवांत करू. तू पण बस. हात तुझा बरा दिसतोय.”

“काका.”

“बोल गो.”

“त्या कॉन्टेसाचं बॉनेट तुम्ही बघितलं होतं ना? त्या दिवशी?”

“बघितलं की. मीच पहिला बघितलं.”

“कसं दिसत होतं?”

काकांनी खिशातून रुमाल काढला आणि कपाळ पुसलं. बराच वेळ पुसत होते. “खराब दिसत होतं,” ते म्हणाले. “तीस वर्षं झाली गो. कोणाला आठवतंय.” मग तिच्याकडे न बघता, “आज मला बोलायला लावणार तुझी आत्या. मला दुसरं काय येत नाय. ती कावळ्याचीच गोष्ट सांगतो. लोक हसतील जरा. चालेल ना तुला?”

आत्ता सांगून टाकलं असतं तर काकांनी गोष्ट बदलली असती, किंवा सांगितली नसती. दोघांत मिटलं असतं. काका जन्मात कुणापाशी बोलले नसते.

“सांगा,” चेतना म्हणाली. “त्यांची आवडती होती.”

हॉलमध्ये साठेक माणसं जमली. पुढे बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो, मेणबत्त्या, आणि त्यांच्या शेजारी बाबांचा. फोटोत चष्मा कपाळावर होता. दुसरा फोटो मिळाला नव्हता. बौद्धाचार्यांनी त्रिशरण-पंचशील घेतलं, सगळ्यांनी मागून म्हटलं. लॉरेन्सकाकांना शब्द येत नव्हते, ते हात जोडून उभे राहिले आणि शेवटी ‘साधू, साधू, साधू’ झालं तेव्हा सगळ्यांच्या सुरात सूर मिळवून मोठ्यानं साधू म्हणाले. मग एकेक जण उठून बोलायला लागला. सेक्रेटरी पार्किंगच्या जागेबद्दल बोलले. गॅरेजातला एक जुना माणूस म्हणाला की अंबादासनं रंगवलेली गाडी तो रस्त्यात लांबून ओळखायचा. आत्या बोलायला उभी राहिली आणि दोन वाक्यांत बसली.

मग काका उठले. चौऱ्याण्णव साल, दसऱ्याचा आदला दिवस. ते बाबांइतकं चांगलं सांगत नव्हते, घाई करत होते. पण कॉन्टेसा होती, शेठ होता, आणि शेवटी लाज वाटलेला मुंबईचा कावळा होता. आधी एकदोघं हसले, मग सगळा हॉल. मृणालिनीकाकू पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि रडत होत्या. आत्या डोळे पुसत शेजारणीला म्हणाली, “मेला कावळा.” ते सगळ्यांना ऐकू गेलं आणि परत हशा झाला.

हसायची जागा आली तेव्हा चेतना हसली नाही. काका बसताना तिच्याकडे बघत होते.

“मुलीला दोन शब्द बोलायचे असतील तर,” बौद्धाचार्य म्हणाले.

तिनं आदल्या दिवशी एक पान लिहून काढलं होतं. नीट लिहिलं होतं, कुठेही जास्त झालं नव्हतं. परभणीजवळचं गाव, सोळाव्या वर्षी मुंबई, आईचं आजारपण त्यांनी कसं निभावलं, तिला कॉलेजात घातलं तेव्हा दुसऱ्या पाळीलाही कसं काम केलं. सगळं खरं होतं. ती उभी राहिली, पान उघडलं, पहिली ओळ वाचली आणि पुढची वाचली नाही. पानाची घडी घातली. माणसं थांबली होती. कुणाला वाटलं हिला रडू येतंय, पाण्याचा ग्लास पुढे आला. तिनं तो घेतला, शेजारच्या खुर्चीवर ठेवला.

“लॉरेन्सकाकांनी गोष्ट सांगितली तशीच बाबा सांगायचे,” ती म्हणाली. वर्गात बोलते तसा आवाज लागला होता, हॉलच्या मागच्या रांगेपर्यंत. “मीही आजपर्यंत तुमच्याबरोबर तिला हसले. पण ती अर्धीच आहे. कावळ्यानं घाण केली ती एवढीशी. ती राहिली असती तर बाबांनी फडकं भिजवून दहा मिनिटांत काढली असती, आणि कॉन्टेसा चार वाजता गेली असती.”

आत्यानं मान वर केली. चेतनानं तिच्याकडे बघितलं आणि नजर वळवली नाही.

“त्या दुपारी मी डबा घेऊन गेले होते. गॅरेजात कुणी नव्हतं. बाबांच्या कामावर डाग दिसायला नको म्हणून मी पुसायला गेले, आणि जोर लावला. रंग माझ्या हातानं गेला, आत्या. मुलुंड माझ्या हातानं गेलं. मी पळून आले आणि कुणालाही सांगितलं नाही. बाबांना माहीत होतं की नव्हतं, मला कळलेलं नाही. मी कधी विचारलं नाही, कारण विचारायला आधी सांगावं लागलं असतं.”

हॉलमध्ये पंखे फिरत होते. लॉरेन्सकाकांनी डोळे मिटले होते. चेतना फोटोकडे वळली.

“बाबा,” ती म्हणाली, “मी पुसलं होतं.”